गावठी

दस्तगीर बागवानानं काडी दिली ती
ओल्या फडक्यात गुंडाळून.
म्हणाला, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब,
खालचं टोक तिरकं, वरचं सपाट,
उलटी लावलीस तर जन्मभर वाट बघशील.
मी उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस.
घरी येऊन व्हर्नियर लावला : सात मिलिमीटर.
शालन हसली. आता गुलाबाला पण टॉलरन्स?

कळंब्याच्या घरामागं जागा ती केवढी,
धुण्याचा दगड, एक शेवगा, आणि कुंपणाकडं
बारा बाय चारची पट्टी.
बावड्याच्या कारखान्यातनं मळीचं खत आणलं,
स्कूटरवर, पोतं दोन पायांत धरून.
काड्या पाच लावल्या. तीन मेल्या.
एक शेळीनं खाल्ली.
उरली ती.

तिचं रूप सांगण्यासारखं नाही.
भांडलेल्या भावकीसारखं झुडूप,
जो तो फाटा दुसऱ्याकडं पाठ करून वाढलेला.
काटे इतके बारीक की दिसायच्या आधी टोचतात.
फूल फिकट, चुरगळल्यासारखं,
सकाळी सहाला उमलतं, अकराला पाकळ्या टाकतं.
पुष्पप्रदर्शनात नेलं होतं एकदा,
परीक्षक येईपर्यंत बाटलीत नुसता देठ.
पण वास
गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा.
दूधवाला सुकुमार तिथंच गाडी बंद करायचा,
पेट्रोल वाचवतो म्हणायचा.

त्या तापानंतर शालनचं नाक गेलं.
चव आली महिन्याभरात, अर्धीमुर्धी.
कांदालसणाची चटणी नुसती तिखट लागते म्हणायची,
लाल रंगाचं तिखट, बाकी काही नाही.
दूध करपलं तर परड्यातनं मीच ओरडायचो.
डॉक्टर म्हणाले, रोज हुंगवा काहीतरी,
लवंग, लिंबू, गुलाब.
नाक विसरलंय, पुन्हा शिकवायला लागेल.

म्हणून रोज सहाला एक फूल.
ती चहा बाजूला ठेवायची, डोळे मिटायची,
म्हणायची, येतोय की.
थोडा थोडा येतोय.
मी कॅलेंडरवर खूण करायचो.
हिशेब चोख.

दिवाळीत ऋतुजानं पुण्याहून गुच्छ आणला,
डच गुलाब, सरळसोट, जाळीच्या टोप्या घातलेले,
सगळे एका मापाचे, लेथवर उतरवावेत तसे.
मी हुंगून बघितला. कोरा कागद.
शालननं तोंड त्यात बुडवलं
आणि पोरीकडं बघत म्हणाली,
अगंबाई, काय घमघमाट!

मी काही बोललो नाही.
कॅलेंडरही काढलं नाही खिळ्यावरनं.
दुसऱ्या दिवशी सहाला फूल नेलं.
ती म्हणाली, येतोय की.
मी म्हणालो, बरं.

छाटणीला त्या वर्षी उशीरच झाला.
जुनं लाकूड काढलं, आत वळलेले फाटे काढले,
कापलेल्या तोंडांना शेण लावलं,
बुडात करंजपेंड ओतली, तीन दिवस आंबवलेली.
शेजारच्या घोरपड्यांनी खिडकी लावून घेतली.
मी तसाच आत गेलो, हात लुंगीला पुसत.
सांगायचं होतं,
आता दीड महिना फूल नाही,
दीड महिना कुणाला काही म्हणायला लागणार नाही.

शालन भाकरी थापत होती.
हात थांबला तिचा. मान वळली.
नाकपुड्या फुगल्या, मग अख्खं तोंड आंबलं.
अहो, कसली घाण आणलीसा घरात?
जावा, आधी हात धुवून या!

मी उभाच.

जावा की!

तव्यावरची भाकरी करपली.
तेही तिनंच सांगितलं.